कवळी की इम्प्लांट? वरच्या आणि खालच्या जबड्याचा हिशेब वेगळा मांडा

मी नागपुरात दातांच्या लॅबमध्ये काम करतो. धंतोली, रामदासपेठ, सक्करदरा, नंदनवन इकडच्या दवाखान्यांतून तोंडाची मापं येतात, त्यांत प्लास्टर ओतून आम्ही जबड्याचं मॉडेल काढतो आणि त्यावर कवळी, कॅप, ब्रिज तयार करतो. तोंड बघतात ते डॉक्टर. माझ्या टेबलावर येतो तो पेशंटचा पांढरा, कोरडा, प्लास्टरचा जबडा. कोणता इलाज करायचा हे ठरवणं माझं काम नाही. पण कोणाची कवळी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते आणि कोणाची तीन महिन्यांत घासायला परत येते, हे आमच्याइतकं क्वचितच कोणाला दिसत असेल.

नात्यातले, शेजारचे विचारतात, "भाऊ, आईला कवळी करू की ते स्क्रूवाले पक्के दात, इम्प्लांट?" बहुतेकांच्या मनात ही जुनं की नवं, स्वस्त की महाग अशी निवड असते. माझ्या मते प्रश्नच अर्धवट आहे. वर की खाली, हे आधी विचारा. वरची पूर्ण कवळी बहुतेकांना जमते, खालची बहुतेकांना छळते. घरात पैसा मोजकाच असेल तर तो खालच्या जबड्यावर आधी खर्च व्हावा. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

पहिली पायरी: गेलेले दात कागदावर मांडा

आरशासमोर उभे राहा, घरच्या कोणाला टॉर्च धरायला सांगा आणि लिहून काढा: वर कोणते गेले, खाली कोणते गेले, किती दिवस झाले, उरलेल्यांतले कोणते हलतात. सात-आठ वर्षांपूर्वी काढलेली दाढ आणि गेल्या महिन्यात काढलेली दाढ या दोन अगदी वेगळ्या जागा आहेत. का, ते पुढे येईलच.

एकच दात गेला असेल आणि शेजारचे दोन्ही निरोगी असतील, तर इम्प्लांटचा विचार सगळ्यात आधी करावा. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांवर कॅप चढवून मधला दात त्यांना जोडणं, करायचा तर शेजारचे धडधाकट दात घासून बारीक करावे लागतात, आणि एकदा घासलेला दात परत पहिल्यासारखा होत नाही. पण त्याच शेजाऱ्यांची रूट कॅनल झाली असेल, त्यांना तशीही कॅप बसवायचीच असेल, तर ब्रिज हा शहाणपणाचा आणि कमी खर्चाचा मार्ग आहे. तिथे उगाच इम्प्लांटच्या मागे लागू नये.

अधूनमधून तीन-चार दात गेले असतील तर काढ-घाल करायची अर्धी कवळी चालते. तिचे तीन प्रकार आहेत. साधी ॲक्रिलिकची स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी, पण जाड. कोबाल्ट-क्रोमियम धातूची पातळ आणि मजबूत असते, शिवाय तिचा भार थोडा दातांवर आणि थोडा हिरडीवर वाटला जातो. तिसरी फ्लेक्सिबल, म्हणजे नायलॉनची. तिला तारेचे हूक नसतात, दिसायला छान, म्हणून तिला मागणी खूप. लॅबवाल्याच्या बाजूने सांगतो: फ्लेक्सिबलमध्ये नंतर दात वाढवणं किंवा ढिली झाल्यावर ती आतून भरून देणं फार अवघड जातं. ज्याचे आणखी दोन-तीन दात हलत आहेत, त्याने तिच्या नादी लागू नये. वर्षभरात नवी करावी लागेल.

सगळेच दात गेले असतील, किंवा काढावे लागणार असतील, तर खरा हिशेब आता सुरू होतो.

दुसरी पायरी: वर आणि खाली यांतला फरक समजून घ्या

वरच्या कवळीला टेकायला अख्खी टाळू मिळते. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर, कडेने हिरडीला घट्ट बसलेली किनार. यामुळे हवा आत शिरत नाही आणि कवळी वर धरून राहते. खाली मधोमध जीभ. कवळीला मिळते ती घोड्याच्या नालेसारखी अरुंद पट्टी, वरच्या जागेच्या साधारण निम्मी. त्यात जीभ आतून ढकलते, गाल आणि ओठ बाहेरून. बोलताना उठते, खाताना सरकते, आणि तिच्याखाली भाकरीचा कण गेला की जेवण तिथेच थांबतं.

त्यात भर हाडाची. दात गेला की त्याच्या भोवतीच्या हाडाला काम उरत नाही आणि ते उतरायला लागतं. दात काढल्यावर पहिल्या वर्षात हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. पुढे वेग कमी होतो, पण झीज थांबत नाही. पूर्ण कवळी वापरणाऱ्यांवर पंचवीस वर्षं चाललेला एक अभ्यास 1972 साली प्रसिद्ध झाला. त्यात खालच्या जबड्याचं हाड वरच्याच्या जवळपास चौपट उतरलेलं दिसलं.

टेबलावर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. नुकतेच दात काढलेल्या माणसाचं खालचं मॉडेल आलं तर त्यावर हाडाचा उंच, गोलसर कणा असतो, बोटाच्या चिमटीत धरता येईल असा. वीस वर्षं कवळी वापरलेल्या आजीबाईंचं मॉडेल येतं तेव्हा कणा नावालाही नसतो. सपाट, कधी मधे खड्डा पडलेला, नाहीतर वरची कड सुरीसारखी धारदार. त्या धारेवर कवळी बसली की दर घासाला हिरडी मधे चेपते. डॉक्टर घासून देतात, दोन दिवस बरं वाटतं, मग दुसरीकडे टोचतं. अशा वेळी कवळी बनवणाऱ्याला नावं ठेवली जातात. आम्ही चुकत नाही असं नाही, पण बसायला जागाच नसेल तर कितीही निगुतीने केलेली कवळी हलणारच.

याच कारणाने 2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने म्हटलं की खालचा जबडा पूर्ण रिकामा असेल, तर दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी ही पहिली निवड मानावी. आठ नको, सहा नको, दोन. हनुवटीच्या भागात, जिथे हाड बहुधा उरलेलं असतं, दोन स्क्रू बसवतात. त्यांच्यावर टिचबटणासारखी जोडणी असते आणि कवळी आतून त्यावर टच्चकन बसते. रात्री काढता येते, धुता येते, पण खाताना उठत नाही. वर मात्र साधी कवळीच. माझ्या मते मध्यमवर्गीय घरातल्या साठी-सत्तरीच्या माणसासाठी याच्याइतका पैसावसूल इलाज दुसरा नाही. तरी सगळ्यात कमी माहिती याचीच असते, कारण जाहिराती होतात त्या "सगळे दात फिक्स" यांच्या.

एक इशारा. खाली पुढचे सहा-आठ स्वतःचे दात शाबूत आणि वर पूर्ण कवळी, असे पुष्कळ लोक आहेत. खालचे दात वरच्या कवळीला सतत पुढच्याच भागात ठोकत राहतात. काही वर्षांत वरचं पुढचं हाड उतरून हिरडी मऊ आणि लुळी होते. वरची कवळी मधोमध वारंवार तडकत असेल तर नुसती चिकटवून आणू नका. चावा तपासायला सांगा, आणि खालच्या मागच्या दाढांची सोय करा.

तिसरी पायरी: तब्येत, औषधं आणि खर्रा

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा छोटा स्क्रू, साधारण 3.5 ते 5 मिलिमीटर जाड आणि 8 ते 13 मिलिमीटर लांब. तो हाडात बसवला की हाड त्याला धरून वाढतं. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना 1952 च्या सुमारास सशाच्या हाडावर प्रयोग करताना टायटॅनियमचा हा गुण दिसला आणि 1965 साली त्यांनी पहिल्या माणसाला असे इम्प्लांट बसवले. तंत्र आता जुनं, पारखलेलं आहे; चांगल्या हातांनी, योग्य माणसात बसवलेले शंभरातले नव्वदच्या वर इम्प्लांट दहा वर्षांनीही जागेवर असतात. पण "योग्य माणसात" हे दोन शब्द महत्त्वाचे.

वयाची वरची मर्यादा नाही. पंच्याहत्तरीतही बसतात. खालची मर्यादा आहे: जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण अठरापर्यंत, थांबावं लागतं.

शुगर असेल तर तीन महिन्यांची सरासरी, एचबीए1सी, बघतात. सातच्या आसपास असेल तर डॉक्टर सहसा पुढे जातात. नऊ-दहा असेल तर आधी शुगर आटोक्यात आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. दाताचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर यांना आपसात बोलू द्या.

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला एक गोळी किंवा सहा महिन्यांनी, वर्षाला एक इंजेक्शन घेणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड, डेनोसुमॅब ही त्यांतली नावं. या औषधांवर असताना दात काढला किंवा इम्प्लांट बसवला तर क्वचित जबड्याचं हाड मरून उघडं पडतं. कॅन्सरसाठी यांतली काही औषधं मोठ्या डोसमध्ये देतात, तेव्हा धोका जास्त. दाताच्या डॉक्टरला हे सांगायचं असतं हेच अनेकींच्या ध्यानात नसतं, कारण "ती तर गुडघ्या-कमरेची गोळी". पिशवीतली सगळी पाकिटं घेऊन जा. जबड्याला किंवा गळ्याला किरणोपचार झाले असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा आणि त्या उपचारांची फाइल सोबत न्या.

आता खर्रा. आपल्याकडे त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना. वर्षानुवर्षं गालात ठेवून तोंड उघडायचंच कमी होतं. घरच्या घरी बघा: स्वतःची तीन बोटं एकावर एक, उभी, समोरच्या दातांमध्ये जातात का? दोनच जात असतील तर माप घ्यायचा ट्रे तोंडात नीट शिरत नाही, आणि मागच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवायचं मशीन तर पोचतच नाही. आमच्याकडे अशा पेशंटची मापं येतात ती कडेने अर्धवट असतात. त्यावर कवळी कशी नीट बसणार? तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दात बसवायचं बाजूला ठेवा आणि आधी तो चट्टा तपासून घ्या. खर्रा, बिडी, सिगारेट सोडायची तयारी नसेल तर इम्प्लांट फसण्याचा धोका बराच वाढतो. डॉक्टर "आधी बंद करा, मग बघू" म्हणाले तर दुसरा डॉक्टर शोधू नका. तेच डॉक्टर चांगले.

आणखी एक, जे विचारायला कोणी धजत नाही: पेशंट स्वतः दात घासू शकतो का? हाताला लकवा आहे, कंप आहे, विसरभोळेपणा वाढला आहे, अशांना फिक्स दातांपेक्षा काढून धुता येणारी कवळी सोयीची. इम्प्लांट किडत नाही हे खरं, पण भोवतीची हिरडी आणि हाड सडू शकतं, आणि ते बरंच पुढे जाईपर्यंत दुखतही नाही.

चौथी पायरी: तपासणी आणि प्रश्न

पूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, तो कवळी करायची असली तरी काढलेला बरा. हिरडीत दडलेलं मूळ किंवा गाठ त्यात दिसते. इम्प्लांटसाठी मात्र तो पुरत नाही. हाडाची रुंदी आणि खोली बघायला सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते; स्क्रूचं टोक तिच्यापासून निदान 2 मिलिमीटर लांब राहावं लागतं. वर मागच्या बाजूला सायनसची पोकळी असते. तिथे हाड कमी पडलं तर पोकळीचा तळ उचलून हाड भरावं लागतं, आणि मग चार ते सहा महिने जास्तीचे धरा.

दोन ठिकाणी विचारा. एक खाजगी दवाखाना आणि एक दंत महाविद्यालय, अशी जोडी मला बरी वाटते. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, आणि हिंगणा रोडच्या बाजूला खाजगी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे शिकणारी मुलं प्राध्यापकांच्या नजरेखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, सकाळी जाऊन नंबर लावावा लागतो, पण खर्च खूप कमी आणि कवळीचं काम अनेकदा जास्त जीव ओतून होतं; प्रत्येक टप्पा सरांना दाखवल्याशिवाय मुलाला पुढे जाता येत नाही ना.

डॉक्टरला हे विचारा: माझ्या हाडात किती लांबीचा, किती जाडीचा इम्प्लांट बसेल? कंपनी कोणती, आणि तिचे सुटे भाग दहा वर्षांनी मिळतील का? सांगितलेल्या रकमेत वरची कॅप धरली आहे का? इम्प्लांट निघाला तर काय करणार, आणि त्याचे पैसे कोण भरणार? मी तुमच्या जागी असतो तर इम्प्लांटच्या डबीवरचा स्टिकर मागून घेतला असता. त्यावर कंपनी, माप आणि बॅच नंबर असतो. उद्या मुलाकडे पुण्याला राहायला गेलात आणि तिथे स्क्रू सैल झाला, तर नव्या डॉक्टरला कोणता पाना लावायचा हे त्यावरूनच कळतं. आमच्याकडे "कंपनी माहीत नाही" अशा चिठ्ठीसकट केस येते तेव्हा नुसती ओळख पटवण्यात दिवस जातात.

"तीन दिवसांत पक्के दात" अशा पाट्या हल्ली खूप दिसतात. इम्प्लांटवर लगेच दात बसवता येतात, हे खोटं नाही. पण त्यासाठी हाड दणकट लागतं, स्क्रू पहिल्याच दिवशी घट्ट बसावा लागतो, आणि अनेकदा ते पहिले दात तात्पुरतेच असतात. स्कॅन न बघता कोणी फोनवर तीन दिवसांचा वायदा करत असेल तर मी तरी त्या जिन्याची पायरी चढणार नाही.

पाचवी पायरी: पैसा

नागपुरात खाजगीत एका इम्प्लांटला कॅपसकट साधारण 25 ते 50 हजार धरा. कंपनी परदेशी आणि नावाजलेली असेल तर त्याच्याही वर. वरखाली पूर्ण कवळ्यांची जोडी 12-15 हजारांपासून सुरू होते आणि चांगले दात, चांगलं ॲक्रिलिक घेतलं तर 40 हजारांपर्यंत जाते. खाली दोन इम्प्लांटवरची कवळी आणि वर साधी, हे सगळं मिळून लाखाच्या आसपास किंवा थोडं पुढे. चार किंवा सहा इम्प्लांटवर अख्खा जबडा फिक्स करायचा तर एका जबड्याचेच दोन लाखांच्या वर.

कवळीचा खर्च एकदाच होतो असं समजू नका. हाड उतरत जातं तशी ती ढिली होते. दोनेक वर्षांनी आतून भरून घ्यावी लागते आणि पाच ते सात वर्षांत बहुधा बदलावी लागते. इम्प्लांटवरच्या कवळीतली रबरी किंवा नायलॉनची बटणं झिजतात, तीही वेळोवेळी बदलायची.

आरोग्य विम्यावर फार भिस्त ठेवू नका. अपघाताने दात गेले आणि दवाखान्यात भरती व्हावं लागलं, असं नसेल तर बहुतेक पॉलिसी दातांचा खर्च देत नाहीत. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना 15 हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या 60 वर्षांवरच्या व्यक्तींसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे आणि तिच्या साहित्याच्या यादीत कवळीही आहे. जिल्हा समाजकल्याण कार्यालयात शिबिराची चौकशी करा.

सहावी पायरी: फेऱ्या आणि वेळ

गडचिरोली, गोंदिया, छिंदवाड्याकडून येणाऱ्यांसाठी हे पैशाइतकंच महत्त्वाचं. पूर्ण कवळीला सहा-सात फेऱ्या लागतात: पहिलं माप, मग खास ट्रेवर बारीक माप, मग मेणाच्या पट्ट्या लावून चाव्याचं माप, मग मेणात दात लावून ट्रायल, मग कवळी, आणि त्यानंतर टोचतं तिथे घासायला एक-दोन वेळा. दोन-तीन आठवड्यांत सगळं उरकतं. इम्प्लांटला एकूण फेऱ्या फार जास्त नसतात, पण त्या महिन्यांवर पसरतात. स्क्रू बसवल्यावर खाली साधारण तीन महिने आणि वर चार ते सहा महिने थांबून मग दात बसतो, कारण वरचं हाड जास्त भुसभुशीत.

कवळीच्या सगळ्या फेऱ्यांत ट्रायलची फेरी कधीही टाळू नका. "डॉक्टर, लांबून येतो, एकदम बनवूनच द्या" असं लोक म्हणतात, आणि कधी डॉक्टरही ऐकतात. मेणात लावलेला दात मी दोन मिनिटांत हलवून देतो. ॲक्रिलिक शिजल्यावर तोच दात हलवायचा तर कवळी तोडावी लागते. ट्रायलला घरचं एक माणूस सोबत न्या. जुना फोटो न्या, लग्नातला असला तरी चालेल, पण हसताना दात दिसणारा हवा. तोंडात घालून "साठ, एकसष्ट, बासष्ट" असं मोठ्याने मोजा. प्रत्येक "स"ला शिट्टी वाजली किंवा वरखालचे दात एकमेकांवर आपटले तर तिथेच सांगा. खिडकीच्या उजेडात आरसा धरा, ट्यूबलाइटखाली रंग कळत नाही.

रंगावरून आठवलं. शेड जुळवायला कधी पेशंट थेट लॅबवर येतो. उमरेडचे एक काकाजी आले होते. सगळ्यात पांढरी पट्टी उचलून म्हणाले, "हेच लावा." मुलगा म्हणाला, "बाबूजी, लोक हसतीन." त्यावर काकाजी, "हसू दे नं! मले फुटाणे खाता आले पायजे, बाकी काही म्हणा." रंग आम्ही समजुतीने दोन घर खाली आणला. फुटाण्यांचं मात्र खरं सांगावं लागलं: साध्या पूर्ण कवळीवर चावायची ताकद स्वतःच्या दातांच्या पाव हिश्शाच्या आसपासच राहते. फुटाणे, कडक रोडगे, सावजी मटणाचं हाड हे खायचंच असेल तर त्याची किंमत इम्प्लांटमध्ये मोजावी लागते. वरण-भात, मऊ भाकरी, झुणका, पातोडी यांना कवळी पुरते. आपल्याला काय खायचं आहे हे डॉक्टरला असं पदार्थांची नावं घेऊनच सांगा. "नीट चावता यावं" म्हटलं तर प्रत्येकाचा अर्थ वेगळा निघतो.

सातवी पायरी: बसल्यानंतर

नवी कवळी पहिले काही आठवडे परकी वाटते. लाळ सुटते, शब्द अडखळतात. छोटे घास घ्या, दोन्ही बाजूंनी एकदम चावा, पुढच्या दातांनी तोडू नका. पेरूसुद्धा फोडी करून. जखम झाली तर घरी कानस किंवा ब्लेड लावू नका. घासायला जाण्याच्या आदल्या दिवशी कवळी थोडा वेळ घालून ठेवा, म्हणजे लाल झालेली जागा डॉक्टरला नेमकी दिसते.

रात्री काढून पाण्यात ठेवा. चोवीस तास घालून ठेवली तर कवळीखालची हिरडी लालभडक होते, बुरशी धरते. धुताना बेसिनमध्ये थोडं पाणी साठवा किंवा टॉवेल टाका. आमच्याकडे येणाऱ्या मोडक्या कवळ्यांतल्या कितीतरी बेसिनमध्ये पडून फुटलेल्या असतात. टूथपेस्टने ओरखडे पडतात, साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे. उकळत्या पाण्यात कधीही टाकू नका, ती वाकडी होते आणि मग सरळ होत नाही. मे महिन्यात पारा 45 वर असताना खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर कोरडी ठेवणं म्हणजेही तेच.

इम्प्लांटच्या ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस सूज राहते. पहिल्या दिवशी बाहेरून थोड्या थोड्या वेळाने बर्फ लावा, जोरात चुळा भरू नका, टाके निघेपर्यंत तर्री पोहे विसरा. रक्त थांबत नसेल, किंवा दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ बधिर असेल, तर वाट न बघता फोन करा. पुढे रोज इम्प्लांटभोवती बारीक ब्रश फिरवायचा आणि सहा महिन्यांनी दाखवायचं. इम्प्लांटला स्वतःच्या दातासारखी दाबाची जाणीव नसते, त्यामुळे जास्त जोर पडला तरी कळत नाही. रात्री दात खायची सवय असेल तर गार्ड करून घ्या.

आणि नवी कवळी झाली म्हणून जुनी टाकून देऊ नका. घट्ट झाकणाच्या डब्यात पाण्यात ठेवा. नवी भरायला किंवा दुरुस्तीला लॅबमध्ये आली की एक-दोन दिवस तीच तोंडात असते, आणि नवीत दात लावताना जुन्या चाव्याची उंची बघायला डॉक्टरला आणि मलाही ती लागते.